नव्या भागावरील आळ

खेळांसाठीं बांधलेल्या संगणकांत नवा भाग बसविण्याची हौस विद्यार्थिवर्गांत सध्यां पुष्कळ वाढली आहे. वर्षभर पैसे सांठवून, अगर वडिलांपाशीं हट्ट धरून, नवें ग्राफिक्स कार्ड आणिलें जातें किंवा रॅम वाढविली जाते. आणि मग कधीं दहा मिनिटांनीं, तर कधीं तीन तासांनीं, ऐन रंगांत आलेल्या खेळांत पडदा काळा होऊन यंत्र आपोआप पुन्हा सुरू होतें. अशा प्रसंगीं बहुतेकांचा निवाडा आधींच ठरलेला असतो: काल आलेला भागच आज अपराधी! तावातावानें कार्ड परत नेलें जातें, दुकानदारास लबाड ठरविलें जातें, आणि दुसरें कार्ड बसविल्यावरही यंत्र पूर्ववत् कोसळतच राहतें. पुराव्यावांचून केलेला हा निवाडा उतावीळपणाचा तर आहेच, पण अन्यायाचाही आहे, असें आमचें मत आहे.

यंत्रास लहर नसते. त्याचें कोसळणें अवचित वाटतें, कारण त्यास लागणारी परिस्थिति मधूनच जुळून येते. शिवाय एक भाग बदलला कीं शेजारच्या भागांवरील भारही बदलतो. आधुनिक ग्राफिक्स कार्ड क्षणमात्र आपल्या नेमलेल्या मर्यादेहून पुष्कळ अधिक वीज ओढतें. म्हणूनच २०२२ सालीं निघालेल्या एटीएक्स ३.० या नियमावलींत पॉवर सप्लायनें आपल्या शक्तीच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंदांपर्यंत सोसावा, अशी अपेक्षा ठेविली आहे. जुना पॉवर सप्लाय आजवर बिनतक्रार चालला, तरी हा झटका त्यास सोसवेलच असें नाहीं. बंद पडतो तो, आणि आळ येतो कार्डावर. रॅमचीही तीच कथा. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० या मालिकेंतील प्रोसेसरांस डीडीआर५ जातीच्या दोन पट्ट्या ५२०० च्या वेगानें चालविण्याची अधिकृत मुभा आहे. चार पट्ट्या बसविल्यास तोच वेग ३६०० वर येतो. म्हणजे चारही पट्ट्या निर्दोष असून यंत्र कोसळूं शकतें. दोष पट्टींत नसून आपण मागितलेल्या वेगांत असतो.

सर्वांत बोधप्रद उदाहरण इंटेल कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं प्रोसेसरांचें आहे. या पिढ्या २०२२ व २०२३ सालीं बाजारांत आल्या. त्यांवर खेळ मध्येंच बंद पडत, व पडद्यावर व्हिडिओ मेमरी संपल्याची सूचना येई. ही मेमरी ग्राफिक्स कार्डावर असते. तेव्हां लोकांनीं कार्डाकडे संशयानें पाहिलें, हें स्वाभाविकच होतें. परंतु २०२४ च्या जुलै महिन्यांत खुद्द इंटेलनेंच जाहीर केलें कीं, मायक्रोकोडमधील चुकीमुळें प्रोसेसरास वाजवीपेक्षां अधिक व्होल्टेज मिळत होतें. ऑगस्टमध्यें सुधारलेला मायक्रोकोड निघाला, व हमीची मुदतही दोन वर्षांनीं वाढविण्यांत आली. मात्र ज्या प्रोसेसरास आधींच इजा झाली होती, तो या सुधारणेनें बरा होणारा नव्हता. येथें प्रत्यक्ष साक्षीदारानेंच भलत्याकडे बोट दाखविलें होतें!

मग करावें काय? प्रयोगशाळेंत आपण जें शिकतों, तेंच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. जुनें कार्ड परत बसवून पाहावें. तरीही यंत्र कोसळलें, तर नवें कार्ड बहुधा निर्दोष. उलट, यंत्र नीट चाललें, तरी नवें कार्ड लगेच दोषी ठरत नाहीं, कारण जुनें कार्ड वीजही कमी ओढीत असेल. बायॉसमधून रॅमचा वाढीव वेग बंद करावा, व मेमटेस्ट८६ या प्रोग्रामकडून रात्रभर तिची परीक्षा करावी. विंडोजच्या नोंदींत ४१ क्रमांक सांपडला म्हणजे गुन्हेगार सांपडला असें समजूं नये; यंत्र रीतसर बंद न होतां पुन्हा सुरू झालें, एवढेंच ती नोंद सांगते. प्रत्येक बदल व त्याचा परिणाम तारखेसह वहींत टिपावा. आणि घाई करूं नये. जें यंत्र तीन दिवसांतून एकदां कोसळतें, तें एक संध्याकाळ नीट चाललें म्हणून बरें झालें असें होत नाहीं.

कोणी म्हणेल, "एवढा खटाटोप विद्यार्थ्यानें कां करावा? यंत्र जाणत्याच्या हवालीं करावें, म्हणजे झालें." जाणत्याकडे जाण्यांत कांहींच गैर नाहीं. परंतु तोही "केव्हांपासून? त्यापूर्वीं काय बदललें होतें?" असेंच प्रथम विचारणार, आणि वही नसल्यास या प्रश्नांस काय उत्तर देणार? वही घेऊन जाणाऱ्या मुलाच्या वडिलांचे पैसे वांचतात, आणि त्याच्या तक्रारीस दुकानदारही मान देतो.

विद्यार्थिमित्रहो, वर्गांत एखादी वस्तु हरवली म्हणजे सर्वांच्या नजरा नव्यानें दाखल झालेल्या मुलाकडेच प्रथम वळतात. "तो येण्यापूर्वीं असें होत नव्हतें," एवढाच काय तो पुरावा! संगणकाच्या पेटींत जी चूक झाली असतां पैशांचें नुकसान होतें, तीच चूक वर्गांत झाली असतां एका निरपराध मुलाचें मन मोडतें. एक एक गोष्ट तपासून मगच दोष ठेवण्याची संवय खेळाच्या निमित्तानें लागली, तर तो वेळ वाया गेला असें वडीलधाऱ्यांसही म्हणतां येणार नाहीं.