दिसत नाही, म्हणजे नाहीच का?

यंदा आपल्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये फिश टँक ठेवायचं घाटतंय. बहुमत फ्लॉवरहॉर्न नाहीतर ऑस्करच्या बाजूने आहे. कारण उघड आहे : मासा मोठा, दारातूनच दिसतो, काचेवर बोट फिरवलं की मागे मागे येतो. माझं मत मात्र इवल्याशा, लाजऱ्या माशांना! हसण्याआधी मित्रांनो, पूर्ण वाचा.

स्कार्लेट बॅडिस हा आपल्याच देशातला, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा. लालभडक नर जेमतेम दोन सेंटीमीटरचा. गॅलॅक्सी रासबोरा २००६ साली म्यानमारमध्ये सापडला. तोही एवढाच, अंगभर मोत्यासारखे ठिपके. मुंबईच्या दुकानांतून हे मासे पिशवीत घालून डहाणू लोकलने इथवर आणता येतात. पण घरी आणून निळे खडे आणि प्लॅस्टिकचा किल्ला असलेल्या उघड्या टाकीत सोडले, की कोपरा धरतात. रंग उडतो, खाणं सुटतं. मग आपण म्हणतो, "फालतू मासा, दिसतच नाही!"

आता माशाच्या बाजूने बघा. दोन सेंटीमीटरच्या जिवाला उघडं पाणी म्हणजे धोका. वरून खंड्या, खालून मोठा मासा. आपल्या पालघरच्या ओढ्यांतला, डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला पॅनचॅक्ससुद्धा काठच्या गवताखालीच फिरतो. वलगणीच्या वेळी खाचरात शिरलेली पिल्लंही गवताच्या आडोशानेच वाढतात. गंमत अशी, की लपायला जितकी जागा जास्त, तितका हा मासा जास्त बाहेर येतो! आडोसा जवळ आहे ही खात्री पटली की भीती जाते. जावा मॉस, क्रिप्टोकोरीन दाट लावा, देशी बदामाची वाळलेली दोन पानं टाका (कॅम्पसमध्ये ढिगाने मिळतात). पाण्याला चहासारखा हलका रंग येतो आणि मासे निर्धास्त होतात. गॅलॅक्सी एकदोन नको, आठ-दहांचा घोळका हवा.

आता थोडं इंजिनिअरिंग. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी म्हणजे सुमारे ५७ लिटर, नुसतं पाणीच ५७ किलो. कॉमन रूमचं डुगडुगतं टेबल चालणार नाही! जोराच्या फिल्टरमध्ये हे मासे ओढले जातात, म्हणून साधा स्पंज फिल्टर. आणि मुख्य म्हणजे पहिले चार ते सहा आठवडे टाकीत मासा नाही. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला तेवढा वेळ लागतो. पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून घाईने मासे सोडले, तर दोन दिवसांत तळाशी!

स्वच्छ दिसणारं पाणी स्वच्छ असतंच असं नाही, हे बोईसर-तारापूरवाल्यांना वेगळं सांगायला हवं का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरची औद्योगिक वसाहत देशात सर्वांत वर होती. आपल्यातले कितीतरी जण उद्या तिथेच नोकरीला लागतील. चिमूटभर जास्त खाणं ५७ लिटर पाण्याचं काय करतं, हे एकदा डोळ्यांनी बघितलेला इंजिनिअर नाल्यात काही सोडताना दोनदा विचार करेल, असं मला वाटतं. फ्लॉवरहॉर्न बरंच सोसतो. इवला मासा चूक लगेच दाखवतो. तोच त्याचा उपयोग.

वॉर्डन सरांची शंका रास्त आहे : दिवाळीच्या सुट्टीत काय? गावातल्याच दोन मुलांवर जबाबदारी द्यावी. स्कार्लेटला जिवंत खाणं लागतं, ते हॉस्टेलला झेपणार नाही, म्हणून गॅलॅक्सीच बरा. पण कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडून देणं कदापि नको. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच टाक्यांतून सुटून देशभरच्या तळ्यांत, नद्यांत पसरलाय.

शेवटचा मुद्दा. आपल्याकडे वर्गात, मेसमध्ये, गॅदरिंगला जो मोठ्याने बोलतो तोच "ॲक्टिव्ह". डहाणू, जव्हार, मोखाड्याहून आलेला फर्स्ट इयरचा मुलगा सहा महिने तोंड उघडत नाही, तर त्याच्यात काही नाहीच असं आपण धरून चालतो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. त्याने काचेवर टकटक करणारे थांबतील, पण आडोसा कायद्याने मिळत नाही. तो रूममेटने, सीनियरने, सरांनी द्यायचा असतो.

म्हणून माझं मत छोट्या माशांना. पहिला महिना टाकीत फक्त झाडं दिसतील. पुढेही रोज पाच मिनिटं गप्प उभं राहावं लागेल. तेवढं आपल्याला जमायला हरकत नाही. बघा, पटतंय का!