तिने टिपणं फाडली नाहीत

अठराव्या शतकातला भोंदू जादूगार कालिओस्त्रो म्हटलं की बहुतेकांना पॅरिसची हिऱ्यांच्या हाराची भानगड आठवते. मला आठवते एलिसा फॉन डेर रेके. कूरलंडच्या सरदार घराण्यातली ही बाई, राहणारी मिताऊची. आज ते गाव लाटवियात आहे, नाव येल्गावा. १७७८ साली तिचा लाडका भाऊ घरापासून दूर, स्ट्रासबुर्गला वारला. ऐन तारुण्यात. गेलेल्या माणसाशी एकदा तरी बोलता यावं, या ध्यासाने तिला घेरलं.

पुढच्याच वर्षी कालिओस्त्रो मिताऊत उतरला. मूळचा जुझेप्पे बाल्सामो, पालेर्मोच्या गरीब वस्तीतला. इथे मात्र काउंट. एलिसाचे वडील आणि काका फ्रीमेसन, त्यात किमयेचा नाद, त्यामुळे घराची दारं त्याला सताड उघडी. त्याने घराण्यातलंच एक लहान मूल पुढे बसवलं, त्याच्या डोक्याला आणि हाताला तेल लावलं आणि तळहातात काय दिसतं ते विचारलं. मूल सांगत गेलं, मोठी माणसं श्वास रोखून ऐकत राहिली. सहा-सात वर्षांच्या पोराला कुणी काय पढवलं असेल, हा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडला नाही. भावाच्या भेटीची आशाही तो दाखवत राहिला. ती भेट कधीच झाली नाही.

अशा बायकांना भोळसट म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. एलिसा शिकलेली होती, लिहिणारी होती. घरातलं माणूस अचानक गेलं की शहाणपण कुठे जातं, हे ज्याने भोगलंय त्याला विचारा. कालिओस्त्रोला ते नेमकं ठाऊक होतं, आणि त्याचा खरा गुन्हा मला तोच वाटतो. हाराच्या खटल्यात तर १७८६ साली तो निर्दोष सुटला. त्याच वर्षी ऊदाँसारख्या शिल्पकाराने त्याचा संगमरवरी अर्धपुतळा घडवला.

एलिसाने १७८७ साली बर्लिनच्या निकोलाई या प्रकाशकाकडून कालिओस्त्रोवरचं पुस्तक छापून घेतलं, स्वतःच्या नावानिशी. मिताऊत भारावलेल्या अवस्थेत लिहिलेली टिपणं तिने जशीच्या तशी दिली आणि त्यांच्या शेजारी आताचं मत मांडलं: इथे मी फसले, इथे त्याने अशी हातचलाखी केली असावी. टिपणं गुपचूप फाडून टाकणं किती सोपं होतं! समाजातलं स्थान, वडिलांचं नाव, सगळंच पणाला लागलं होतं. रशियाच्या कॅथरीन सम्राज्ञीने पुस्तकाचं रशियन भाषांतर करवून घेतलं.

कालिओस्त्रो १७९५ साली सान लेओच्या किल्ल्यात कैदी म्हणून मेला. एलिसा १८३३ पर्यंत जगली. त्या पुस्तकात तिने भावाचं दुःखही झाकलं नाही. आपण या वाटेला का लागलो, ते तिने सरळ लिहिलं: तो गेला म्हणून.