विड्याच्या तोंडाला केरोटीनची ढाल?

कुंभकोणमच्या बाजारात वेत्तिलै आणि सीवल, म्हणजे विड्याचे पान आणि कातरलेली सुपारी, ही जोडी वेगळी होत नाही. कावेरीच्या खोऱ्यातल्या या पानाला 2025 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते त्याच्या गुणाला साजेसेच आहे. पण पानासोबत सुपारी आणि चुना येतो, आणि पुष्कळांच्या विड्यात तंबाखूही येते. अशा माणसाला हल्ली एक सोपा दिलासा दिला जातो: बीटा-केरोटीन, ल्युटीन, लायकोपिन या केरोटीन कुळातल्या रंगद्रव्यांची कॅप्सूल रोज घ्या, पेशींचे रक्षण होईल, कर्करोग लांब राहील, डोळेही सुधारतील. या दिलाशाचा पहिला भाग खोटा आहे आणि काही माणसांच्या बाबतीत घातक आहे. डोळ्यांविषयीचा भाग फार थोड्यांपुरता खरा आहे.

आधी विरुद्ध पक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवे, कारण ते हवेतून आलेले नाही. ज्यांच्या ताटात पालेभाज्या आणि पिवळी-केशरी फळे जास्त, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी, हे अनेक देशांच्या पाहण्यांत दिसले होते. 1981 मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये उघड विचारले की आहारातल्या बीटा-केरोटीनने कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय कमी होईल का. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधण्यात दक्षिण भारतानेही मोठा वाटा उचलला, आणि तोही नेमका पान-तंबाखू खाणाऱ्यांत.

केरळात तोंडात पांढरे चट्टे, म्हणजे ल्युकोप्लेकिया, असलेल्या 160 मच्छीमार स्त्री-पुरुषांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 1997 मध्ये आले. एका गटाला व्हिटॅमिन ए, दुसऱ्याला बीटा-केरोटीन आणि तिसऱ्याला निष्क्रिय गोळी असे वर्षभर दिले गेले. निष्क्रिय गोळीच्या गटात 10 टक्के लोकांचे चट्टे पूर्ण गेले, बीटा-केरोटीनच्या गटात 33 टक्के, व्हिटॅमिन एच्या गटात 52 टक्के. त्याआधी 1995 मध्ये केरळातच पान-तंबाखू खाणाऱ्यांना रोज 1 ग्रॅम स्पिरुलिना, म्हणजे केरोटीन असलेले शेवाळ, देऊन पाहिले होते, तिथेही 45 टक्क्यांचे चट्टे गेले. 2004 मध्ये बेळगावच्या दंतवैद्यक संशोधकांनी 58 रुग्णांपैकी काहींना लायकोपिन आणि बाकीच्यांना निष्क्रिय गोळी दिली, आणि लायकोपिन स्पष्ट सरस ठरले. गोळी विकणारा एवढेच आकडे दाखवून थांबतो.

पुढची ओळ त्याच शोधनिबंधांत आहे. केरळच्या 1997 च्या चाचणीत ज्यांचे चट्टे गेले, त्यांच्यापैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांचे गोळी थांबवल्यावर परत आले. स्पिरुलिनाच्या चाचणीत बऱ्या झालेल्या 20 जणांपैकी 9 जणांचे वर्षभरात परतले. शिवाय चट्टा कमी होणे आणि कर्करोग टळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली काही महिन्यांत मोजता येते, दुसरीला वर्षे लागतात आणि हजारो माणसे लागतात. बेळगावची चाचणी 58 जणांची होती. ती प्रामाणिक होती, पण तिच्या बळावर कोणाला आयुष्यभराची हमी देता येत नाही.

हजारोंच्या चाचण्या परदेशात झाल्या. फिनलंडमध्ये 50 ते 69 वयाच्या 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांपैकी काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-केरोटीन दिले. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत सिगारेट ओढणारे आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले 18,314 जण बीटा-केरोटीन आणि व्हिटॅमिन एच्या चाचणीत होते. तिथे फुप्फुसाचा कर्करोग 28 टक्क्यांनी आणि मृत्यू 17 टक्क्यांनी जास्त दिसले, म्हणून 1996 च्या जानेवारीत ती मध्येच थांबवावी लागली. तिसरी चाचणी 22,071 डॉक्टरांवर सुमारे 12 वर्षे चालली. तिथे हानी दिसली नाही, लाभही दिसला नाही.

यावर एक आक्षेप येतो: ते धूर ओढणारे, आपले लोक पान चघळणारे, त्यांना हा नियम कसा लागू? आक्षेपात तथ्य आहे, पण तो गोळीच्या बाजूने जात नाही. पान चघळणारे पुष्कळ पुरुष विडीही ओढतात, म्हणजे धोक्याच्या गटात ते आधीच आहेत. जे फक्त चघळतात, त्यांच्यात गोळीने तोंडाचा कर्करोग टळल्याचा पुरावा मागायचा तो विकणाऱ्याकडे. तो त्याला देता येत नाही, आणि कायदाही मागत नाही. अशा कॅप्सूल 2016 च्या नियमांनुसार औषध म्हणून नव्हे, अन्न म्हणून विकल्या जातात आणि औषधी वापरासाठी नाहीत असे त्यांच्यावर छापावे लागते. ती ओळ बारीक अक्षरांत असते, डोळ्यांचे आणि फुप्फुसाचे चित्र मोठे असते.

पानातच केरोटीन आहे म्हणून विडा निरुपद्रवी, हा याच विचाराचा गावठी अवतार. पानात केरोटीन आहे हे खरे. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये तंबाखूशिवायचा विडा आणि नुसती सुपारीही माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातली. सुपारी आपले काम करत राहते, पानातल्या रंगद्रव्याने ते थांबत नाही.

मग केरोटीन निरुपयोगी म्हणायचे का? मुळीच नाही. पण उपचाराचा खरा उपयोग कसा तपासावा, यावर तंजावरच्या मातीत फार पूर्वी विचार झाला आहे. तिथले मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी धन्वंतरी महाल या आपल्या वैद्यकीय संस्थेत नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवायला लावल्या. सरस्वती महाल ग्रंथालयातली ती पाने आजही अभ्यासली जातात. डोळ्याच्या औषधाविषयी बोलायचे तर रुग्ण, लक्षण, उपचार आणि परिणाम लिहून दाखवावा, ही शिस्त त्यांत आहे. तीच शिस्त आज लावली, तर डोळ्यांसाठी गोळीला एक छोटी पण पक्की जागा मिळते. उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याचा विकार ज्यांना मध्यम टप्प्यात आहे, त्यांच्यात जीवनसत्त्वे, जस्त आणि बीटा-केरोटीन यांच्या मिश्रणाने तो पुढे जाण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाला, असे अमेरिकेच्या 2001 च्या चाचणीत दिसले. पुढे बीटा-केरोटीन काढून 10 मिलिग्रॅम ल्युटीन आणि 2 मिलिग्रॅम झियाझॅन्थिन घातले गेले. 2022 च्या पाठपुराव्यात पूर्वी सिगारेट ओढलेल्यांमध्ये बीटा-केरोटीनच्या गटात फुप्फुसाचा कर्करोग जवळपास दुप्पट आढळला, ल्युटीनने मात्र तो वाढला नाही. म्हणजे ही गोळी नेत्रतज्ज्ञाने तपासून द्यायची आहे. मोबाइलने डोळे थकलेल्या पंचविशीतल्या मुलासाठी ती नाही.

दुसरी जागा मुलांची. कुंभकोणमपासून दूर नसलेल्या तिरुच्चिराप्पळ्ळी परिसरात 15,419 लहान मुलांपैकी काहींना दर आठवड्याला, केरोटीनपासून शरीरात बनते त्याच व्हिटॅमिन एचा छोटा डोस देऊन पाहिला गेला. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यू 54 टक्क्यांनी घटले. ही मुले उणीव असलेल्या वस्तीतली होती. उणीव भरून काढणे आणि पोट भरलेल्याच्या शरीरात भर घालत राहणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि जाहिरात नेमका तोच पुसते.

उणीव भरायला गोळीशिवायही मार्ग आहे, आणि तो पानमळ्यातच उभा आहे. तमिळनाडूत पानवेल ज्या झाडावर चढवतात ते बहुतेकदा अगत्ती, म्हणजे आपला हादगा. महाराष्ट्रातल्या पानमळ्यांतही हादगा, शेवरी, शेवगा असेच आधार असतात. हादग्याच्या 100 ग्रॅम पानांत बीटा-केरोटीन 12 मिलिग्रॅमच्या पुढे, शेवग्याच्या पानांत 17 च्या पुढे. गाजर यांच्या निम्म्यालाही पोचत नाही. एकादशीचा उपास द्वादशीला अगत्तीची भाजी खाऊन सोडायची रीत तमिळ घरांत आहे, त्या भाजीत खोबरे पडते, आणि केरोटीन शोषले जायला स्निग्धांश लागतोच. गोळीवाला इथे म्हणेल की भाजीतले केरोटीन शरीराला थोडेच मिळते. बरोबर आहे. भाजीतल्या 12 मायक्रोग्रॅममागे 1 मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन ए बनते, तेलात विरघळवलेल्या गोळीत 2 मायक्रोग्रॅममागे. पण फिनलंडच्या माणसांच्या रक्तात केरोटीन कितीतरी पटींनी चढले ते याच सोयीमुळे. भाजीने तशी पातळी गाठली जात नाही, ही तिची उणीव नव्हे.

विड्याच्या तोंडासाठी काय खरोखर चालते, हेही मोजून झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी केरळ, आंध्र आणि गुजरातेतल्या गावांत 36,000 तंबाखू वापरणाऱ्यांना गाठले आणि व्यसन सोडण्याविषयी त्यांच्याशी सतत बोलणे ठेवले. 1986 च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिले की ज्यांच्याशी असे बोलले गेले, त्यांच्यात तंबाखू सोडणारे जास्त निघाले आणि नवे पांढरे चट्टे कमी पडले. कुंभकोणममध्ये असो वा सांगलीत, गालात पंधरा दिवस न जाणारा पांढरा किंवा लाल डाग असलेल्या माणसाने केरोटीनच्या डबीवर महिन्याचे पैसे घालवू नयेत. त्या पैशांत दंतवैद्याची तपासणी होते, आणि चट्टा वेळेत सापडला तर उपचारही होतो.