सही जुळत नाही

पेन्शन काढायला आलेल्या काकांची सही जुळत नाही. खिडकीपलीकडचा कारकून नमुन्याची सही पाहतो, पुन्हा स्लिप पाहतो आणि म्हणतो, ‘काका, जरा मोकळ्या हाताने करा.’ काका करतात. पहिले अक्षर ठीक उतरते, पुढची बारीक होत जातात आणि आडनावापर्यंत पोचेस्तोवर मुंग्यांची रांग उरते. हात थरथरत नसतो, त्यामुळे कंपवाताची शंका कुणालाच येत नाही. ‘वय झालं’ म्हणत नवी नमुना सही दिली जाते आणि विषय मिटतो.

या आजाराच्या नावानेच आपली दिशाभूल केली आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये लंडनमध्ये त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हा शीर्षकात थरथरच होती. आपल्याकडचा ‘कंपवात’ही तेच सांगतो. प्रत्यक्षात बऱ्याच रुग्णांना सुरुवातीला कंप नसतोच. चालताना एक हात हलायचा थांबतो, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो, अक्षर आक्रसते. यात समान काय आहे? ही सगळी विचार न करता होणारी कामे आहेत.

मध्यमेंदूतल्या ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ या काळसर भागातल्या पेशी मरतात आणि डोपामिन कमी पडते, एवढे नेहमी सांगितले जाते. हे डोपामिन जिथे पोचायला हवे, त्या पुटामेन नावाच्या खोलवरच्या भागात टंचाई सारखी पसरत नाही, हे मात्र कमी सांगितले जाते. मागचा भाग आधी कोरडा पडतो, पुढचा बराच काळ तग धरतो. मागचा भाग हालचालींच्या केंद्रांशी जोडलेला, मुरलेल्या सवयी सांभाळणारा. पुढच्या भागाचा संबंध ठरवून, लक्ष देऊन करायच्या कामांशी अधिक. म्हणजे आजार आधी सवयींवर घाला घालतो.

मेंदूच्या भागांची अशी जोडणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तारा येतात. इथे अर्थ वेगळा आहे. रुग्ण एमआरआयच्या नळीत काही मिनिटे नुसता पडून राहतो. तेवढ्यात मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतल्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण संथ लयीत वरखाली होत असते. ज्या दोन भागांची लय जुळते, ते जोडलेले मानायचे. हात स्थिर असतानाही मेंदूच्या डाव्या-उजव्या हालचाल-केंद्रांची लय जुळते, हे भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत दाखवले आणि ही वाट खुली झाली.

नेदरलँड्समधील रिक हेल्मिख आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याच पद्धतीने पार्किन्सनचे रुग्ण तपासले. पुटामेनच्या मागच्या भागाची मेंदूच्या पार्श्विका भागाशी असलेली जोडणी सैल झालेली दिसली. त्याच वेळी पुढच्या भागाची जोडणी वाढलेली होती. मागच्या दाराने येणारी वर्दळ पुढच्या दाराकडे वळावी, तसे. मेंदू नुसता हरत नाही, कामाची फेरवाटणी करतो, असा याचा अर्थ अनेक संशोधक लावतात. डोपामिनची उणीव भरणारे औषध घेतल्यावर बिघडलेल्या जोडण्या काही प्रमाणात सुधारतात, असेही पुढच्या काही अभ्यासांत दिसले.

पण पुढच्या दाराला आधीच आपली गर्दी असते. घरात हे रोज दिसते. काका जिना उतरत असतात, मागून काकू विचारतात, ‘अहो, किल्ली घेतलीत ना?’ काका पायरीवरच थांबतात. उत्तर देतात, मग पाऊल टाकतात. घरच्यांना हा विसराळूपणा किंवा हट्ट वाटतो. खरे तर चालणे हेच आता लक्ष देऊन करायचे काम झाले आहे आणि किल्लीचा प्रश्न त्याच लक्षावर हक्क सांगतो. आमच्या मते, निदान झाल्या दिवशीच डॉक्टरांनी गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत एवढे घरच्यांना सांगायला हवे. ओपीडीतल्या गर्दीत ते राहून जाते. फिजिओथेरपिस्टकडेही अनेकांना पडल्यावरच पाठवले जाते. त्यासाठी पडण्याची वाट का पाहावी?

या चित्रांच्या मोहात मात्र पडू नये. ती गटांची सरासरी सांगतात. वय, औषधाची वेळ, नळीत डोके किंचित हलणे, यांनी आकडे बदलतात. आणि डोके स्थिर ठेवणे याच रुग्णांना अवघड. निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्षही नेहमी जुळत नाहीत. एका माणसाचा असा स्कॅन काढून ‘पार्किन्सन आहे’ असे म्हणता येत नाही. निदान आजही मुख्यतः डॉक्टरच्या नजरेने होते: रुग्णाला चालवून, बोटे आपटायला लावून, चार ओळी लिहायला सांगून. नेहमीचा एमआरआय काढतात तो बहुधा दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी.

त्या चार ओळींत एक गंमत दिसते. कोऱ्या कागदावर काकांचे अक्षर आक्रसत जाते. रुंद रेघांचा कागद पुढे ठेवून ‘रेघेला रेघ भिडवून मोठे लिहा’ म्हटले, की अनेकदा तेच अक्षर मोठे होते. शेजारून कुणी काही विचारेपर्यंत.