शाळेत एक शाहीर बोलवा

वडाळ्यातल्या आईबाबांनो, आषाढीला आपल्या विठ्ठल मंदिरापाशी दिंड्या येतात. मुलं तुमचा हात सोडून पखवाजवाल्यासमोर जाऊन उभी राहतात. ओढूनही निघत नाहीत. ही गोडी वर्षातून एका दिवसापुरतीच का ठेवायची?

यंदा मुलांच्या शाळेत एक जिवंत कार्यक्रम होऊ द्या. पोवाडा, गोंधळ, भारूड, बालनाट्य, काहीही चालेल.

शाळा पालिकेची किंवा अनुदानित असेल, तर तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तिच्यात किमान 75 टक्के सदस्य पालक असतात. म्हणजे तुमचीच माणसं. पुढच्या बैठकीत विषय काढा. बाई नाही म्हणतील असं आधीच धरू नका. सतरंज्या घालायला, मुलं सांभाळायला चार पालक येतो म्हणाले, तर त्यांनाही हुरूप येतो.

सगळी शाळा मैदानात बसवून कर्णे लावू नका. मागच्या मुलाला काही दिसत नाही. मग तो खोड्या काढतो आणि ओरडा त्यालाच बसतो. दोनच वर्ग घ्या. संबळाचा ठोका छातीत जाणवेल इतकं जवळ बसवा. शेवटी थोडा वेळ राखा. शाहिरांना विचारून डफ, तुणतुणं मुलांच्या हातात द्या. वर्गात कधी तोंड न उघडणारं मूल अशा वेळी पुढे येतं.

मुलांसाठी म्हणून थातुरमातुर काही आणू नका. 1959 साली सुधा करमरकर यांनी रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ हे बालनाट्य रंगमंचावर आणलं, तेव्हा चेटकीण त्या स्वतः झाल्या. कसलेल्या कलाकारांनी मुलांसमोर जीव ओतून काम करावं, हा त्यांचा आग्रह आपणही धरूया.

आणि कलाकाराची हार-नारळावर बोळवण करू नका. मानधन आधी ठरवा, त्याच दिवशी हातात द्या. ढोलकी घेऊन गर्दीच्या लोकलमधून येणं सोपं नसतं, म्हणून टॅक्सीचे पैसे वेगळे द्या. वर्गणी मात्र ज्याला जमेल त्यानेच द्यावी. पैसे आले नाहीत म्हणून एकही मूल बाहेर बसता कामा नये.

कार्यक्रम शाळेच्या वेळेतच ठेवा. संध्याकाळी ठेवलात, तर कुणाची शिकवणी असते, कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं असतं. ज्यांना हे एरवी कुठेच बघायला मिळत नाही, नेमकी तीच मुलं मग राहून जातात.