लक्षद्वीपची बोट : तिकीट स्वस्त, दिवस महाग

जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांचा लक्षद्वीप दौरा झाला आणि या बेटांचे नाव घरोघरी पोहोचले. तेव्हापासून कोचीहून बोटीने निवांत, कमी खर्चात बेटे पाहण्यात किती मौज आहे याची वर्णने आपल्याकडेही ऐकू येतात. मौज असेलही. पण या पानाचा वाचक व्यापारी आहे आणि त्याने एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. हा निवांतपणा नेमका कोणाच्या खिशातून जातो?

आधी थोडी माहिती. बेटे 36, त्यांपैकी वस्ती फक्त 10 बेटांवर. सगळी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64,473 होती व तीत 96 टक्क्यांहून अधिक मुसलमान. नारळ, खोबरे, काथ्या आणि टुना मासा एवढाच विकण्याजोगा माल. तांदूळ, डाळ, कांदा, सिमेंट, औषधे, मुलांच्या वह्या, सारे समुद्रापलीकडून यायचे. केरळच्या किनाऱ्यापासून ही बेटे 220 ते 440 किलोमीटरवर पसरलेली आहेत. कोचीहून बोटीला साधारण 14 ते 18 तास लागतात.

एवढ्या तासांबद्दल कोणी कुरकुर करणार नाही. आपला कोकणी माणूसही मुंबईहून गावी जाताना एस.टी.त रात्र काढतोच. भाडे म्हणाल तर बेटवासीयांना बंक वर्गाचे तिकीट सवलतीत, काही शे रुपयांत मिळते. मग तक्रार कसली?

तक्रार अशी की, या प्रवासात तिकीट हा खर्चाचा सर्वांत लहान भाग आहे. बोट रोज नसते. एक बोट एका फेरीत अनेक बेटे घेते. बेटांभोवती प्रवाळाचे कडे असल्याने पुष्कळ ठिकाणी मोठे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि माणसे, बोचकी, म्हाताऱ्या बायका यांना लहान होड्यांत उतरवावे लागते. समुद्र खवळला की सगळे वेळापत्रक कोलमडते.

समजा, चेतलत बेटावरचा एक दुकानदार खोबऱ्याची वसुली आणि दुकानाची खरेदी अशा दुहेरी कामासाठी कोचीला आला. काम दोन दिवसांत उरकले, पण परतीच्या बोटीत जागा नाही आणि पुढची बोट पाच दिवसांनी आहे. साध्या लॉजचे भाडे व दोन वेळचे जेवण मिळून दिवसाला 800 रुपये धरा, म्हणजे 4,000 झाले. तिकडे दुकान बंद. रोजची मिळकत 600 धरली तर आणखी 3,000 गेले. काही शे रुपयांच्या तिकिटावर 7,000 रुपयांचा हा अधिभार कोणत्याही पावतीवर दिसत नाही. (आकडे केवळ समजुतीसाठी धरले आहेत, वाचकांनी आपापल्या धंद्याचे घालून पाहावेत.) शेवटी हा पैसा कुठे जातो? कांद्याच्या भावात जातो आणि बेटावरची गृहिणी तो भरते.

जकातीच्या आठ हक्कदारांत कुरआनने वाटसरूलाही स्थान दिले आहे. घरी माल आहे, मान आहे, पण वाटेत हात रिकामे, अशी त्याची अवस्था. कोचीत अडकलेला हा दुकानदार त्याहून वेगळा कोण?

त्यातच जहाजे थोडी. 700 प्रवासी नेणाऱ्या 'एम.व्ही. कवरत्ती' या सर्वांत मोठ्या जहाजावर डिसेंबर 2021 मध्ये आग लागली. माणसे सुखरूप राहिली, पण जहाज दुरुस्तीला गेले. पुढच्या वर्षी बोटींच्या टंचाईविरुद्ध बेटवासीयांना आवाज उठवावा लागला. जहाज कोणतेही असो, ठराविक काळाने ते गोदीत चढवावेच लागते. बदली जहाज हाताशी नसेल तर त्या गोदीचा खर्च प्रशासनाइतकाच प्रवासीही भरतो.

यावर काही जण म्हणतात, विमाने वाढवा. विमानतळ एकट्या अगत्तीला आहे आणि कोचीहून विमानाला दीड तास पुरतो, हे खरे. पण तिकीट हजारांत. पुढे कवरत्तीला जायचे तर पुन्हा बोट आलीच. मिनिकॉय तर दक्षिणेला एकटे पडलेले, मध्ये सुमारे 200 किलोमीटर रुंदीची नऊ अंश खाडी. शिवाय विमानात खोबऱ्याची पोती चढत नाहीत. विमान पर्यटकाची आणि क्वचित रुग्णाची सोय करील, वाण्याची नाही.

वास्तविक धंद्याला वेगापेक्षा नेम अधिक लागतो. 18 तास लागोत, पण बोट ठरल्या दिवशी सुटेल एवढी खात्री असली की व्यापारी कमी साठा करतो, त्याचे भांडवल अडकत नाही आणि उधारीही वेळेवर फिरते. आपल्याकडचा अनुभव पाहा. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद व्हायच्या आणि अलिबागकरांचे गणित चुकायचे. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली. तिची ख्याती वेगासाठी नाही; पावसाळ्यातही ती चालते म्हणून लोक तिच्यावर विसंबतात.

बेटांच्या बोटींवर सरकार तोटा सोसते, असे वारंवार ऐकवले जाते. हे बोलणे आम्हाला पटत नाही. गावच्या डांबरी रस्त्याने नफा कमवावा असे कोणी म्हणते काय? बेटवासीयांचा रस्ता पाण्यावर आहे, इतकाच फरक.

तेव्हा पर्यटनाच्या घोषणांआधी तीन गोष्टी व्हाव्यात. एक जहाज कायम राखीव असावे. पर्यटकांच्या जागा वेगळ्या मोजाव्यात, बेटवासीयांच्या वाट्यातून त्या कापू नयेत. आणि बोट रद्द झाली तर अडकलेल्याची कोचीत राहण्या-जेवणाची सोय प्रशासनाने करावी. विमान फार उशिरा सुटले तर कंपनीने प्रवाशाला खायला द्यावे असा नियम देशात आहेच. तो बंक वर्गातल्या माणसाला लागू करायला हरकत कोणती?