जयंतीची वर्गणी आणि अक्षय निधी

चैत्र लागला की गोदावरीच्या खोऱ्यात माणसांची वर्दळ वाढते. भात-नागलीची खळी केव्हाच उरकलेली असतात, आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत शेतकऱ्याच्या व मजुराच्या हाताशी थोडा वेळ असतो. म्हणून गावोगावच्या जत्रा, सप्तशृंगीची चैत्री यात्रा, आदिवासी पाड्यांवरचे बोहाडे आणि बहुतेक लग्नकार्ये याच दिवसांत येतात. आपल्या बौद्ध वस्त्यांतही ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, १४ एप्रिलला भीमजयंती आणि वैशाखी पौर्णिमेला बुद्धजयंती याच उन्हाळ्यात साजरी होते. ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली, त्यांच्यापुढे या काळात एक प्रश्न हटकून उभा राहतो. जुने सण सोडले. आता नवे सण साजरे करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे?

जुन्या सणांत आपले स्थान काय होते, हे प्रथम आठवावे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याच वर्षी ९ एप्रिलला रथोत्सवाच्या दिवशी स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून रथ ओढावा असा समझोता झाला होता. तो पाळला गेला नाही. रथ पळविण्यात आला आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. एका दोराला हात लावण्याचा हक्कदेखील ज्या उत्सवाने नाकारला, तो उत्सव साऱ्या गावाचा होता असे कोणत्या तोंडाने म्हणावे? पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती या अनुभवाच्या पायावर.

त्र्यंबकेश्वराशी निगडित आणखी एक प्रसंग नव्या पिढीस फारसा ठाऊक नाही. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे संत चोखामेळ्याचे मंदिर उभारावे असा विचार आपल्या लोकांत चालला होता. बाबासाहेबांनी तो बेत सोडून देण्याचा सल्ला दिला. देवळाशेजारी दुसरे देऊळ उभारल्याने अस्पृश्यता हटत नाही, ती हटविण्यासाठी झटणे हेच खरे स्मारक, असा त्या सल्ल्याचा आशय होता. आज आपण जयंती साजरी करतो तेव्हा हाच सल्ला आपणांस लागू पडतो. जत्रेशेजारी दुसरी जत्रा भरविल्याने धम्म वाढत नाही.

खेदाने लिहावे लागते की काही वस्त्यांत नेमके हेच घडत आहे. घरटी वर्गणी काढली जाते. ज्याच्या घरी चूल कशीबशी पेटते, तोही चारचौघांत मान खाली जाऊ नये म्हणून उसनवार करून ती भरतो. मग एका रात्रीत ध्वनिक्षेपकांच्या भिंती, रोषणाई आणि क्वचित दारू यांत सारी रक्कम विरून जाते. जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा त्याच घरातील मुलीच्या वह्या-पुस्तकांस पैसा उरलेला नसतो. आणि या उत्सवाचे ओझे कोण वाहते? गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, या पट्ट्यात पाऊसही धो धो पडतो. तरी वैशाखात याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवरील स्त्रिया हंडा घेऊन दूरच्या विहिरीवर जातात, टँकरची वाट पाहत बसतात. भोजनदानाचे पाणी त्याच आणतात, भाकरीही त्याच भाजतात. पण वर्गणीच्या हिशेबाच्या बैठकीत त्यांना कोणी बोलावीत नाही.

याहून चांगली रीत कोठे सापडेल? फार दूर जावयास नको. त्र्यंबकेश्वराहून नाशिकला गेले की त्रिरश्मी डोंगरावर बौद्ध लेणी आहेत. त्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. त्याने तीन हजार कार्षापणांचा निधी गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायमचा ठेवला. दोन हजार दरमहा एक टक्का व्याजाने, एक हजार पाऊण टक्क्याने. मुद्दल कधीही काढावयाचे नाही, खर्च फक्त व्याजातून करावयाचा. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. त्यातून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळत. या ठेवीला लेखात ‘अक्षयनीवी’ म्हटले आहे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून त्याची नोंदही केली होती. त्याच डोंगरावर मुगुदास नावाच्या एका कोळ्याने सहपरिवार दिलेल्या लेण्याचाही लेख आहे. म्हणजे दान देण्यास राजाचा जावईच असावे लागते असे नाही.

हाच मार्ग आपण का धरू नये? चाळीस घरांच्या वस्तीने घरटी पाचशे रुपये काढले, तर वीस हजार जमतात. त्यांतील निम्मे उत्सवास खर्च करावेत आणि निम्मे बँकेत किंवा टपाल कार्यालयात ठेवावेत. दहा वर्षांत व्याज न धरताही एक लाखाचे मुद्दल उभे राहते. व्याजातून मुलामुलींची पुस्तके घ्यावीत. निधीवर एका स्त्रीची सही असल्यावाचून पैसा निघू नये. ज्याची ऐपत नाही त्याच्याकडून वर्गणी मागू नये आणि त्याचे नावही पुकारू नये. आषाढी पौर्णिमेस वर्षावास सुरू होतो; त्या दिवशी विहारात सर्वांसमक्ष हिशेब वाचून दाखवावा.

कोणी म्हणेल, मग मिरवणूक बंद करावयाची काय? मुळीच नाही. गावच्या हमरस्त्याने बाबासाहेबांची प्रतिमा घेऊन जाणे हा आपला नागरिक म्हणून हक्क आहे. जेथे तो अडविला जाईल तेथे तो कायद्याने मागून घेतलाच पाहिजे. परंतु हक्काने मिळविलेला रस्ता नशेत चालणे हा त्या हक्काचाच अपमान आहे. शेजारच्या आदिवासी पाड्यालाही अगत्याने बोलवावे. त्यांच्या बोहाड्याची टवाळी करू नये; पाण्याच्या रांगेत आपण आणि ते एकत्रच उभे असतो.

नवदीक्षित बंधुभगिनींनो, येत्या वैशाखी पौर्णिमेस वर्गणीची पावती फाडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : या रकमेतून पुढच्या वर्षी काय उरेल? त्रिरश्मीवरील दात्यांनी हा प्रश्न विचारला होता, म्हणूनच त्यांचे दान आजही वाचता येते.